गावात घर घेताय? भाव किती लावायचा, त्याचा हिशेब असा मांडा

सोयाबीनचे पैसे हातात आले की गावोगावी घरांचे व्यवहार बोलले जातात. कुणी पुण्याला स्थायिक झाला म्हणून घर काढतो, कुणाला भावाच्या घरातून वेगळे व्हायचे असते, कुणाला मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला यायचे असते. घर बघितले जाते, चहा होतो, आणि मग घरमालक विचारतो, "बोला, तुमचं काय म्हणणं?" बरेच जण तिथेच अडकतात. मागितलेल्या रकमेतून लाख-दोन लाख कमी करून आकडा सांगतात, आणि तोच व्यवहार ठरतो.

हा आकडा अंदाजाने सांगण्यासारखा नाही. त्यात दहा-पंधरा वर्षांची शिल्लक जाते, वर कर्ज होते. विक्रेत्याने सोळा लाख मागितले म्हणून घर चौदाचे होत नाही. कदाचित ते अकराचे असेल. कदाचित कागदामुळे ते एक रुपयालाही घेण्यासारखे नसेल. म्हणून आकडा तोंडातून काढण्याआधी चार गोष्टी क्रमाने कराव्या लागतात: कागद, आजूबाजूचा भाव, घराची अवस्था आणि स्वतःची ऐपत.

आधी कागद, मग भाव

खेड्यात सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. विक्रेता ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवतो आणि म्हणतो, "घर माझ्या नावावर आहे." नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. घरपट्टी कोणाकडून घ्यायची ते त्यावरून ठरते. मालकीचा पक्का पुरावा म्हणून तो एकटा पुरत नाही. मूळ खरेदीखत, वाटणीपत्र, वारस नोंद किंवा मिळकत पत्रिका, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो, यापैकी काय आहे ते विचारावे.

केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. त्यात ड्रोनने गावठाणाचे मोजमाप करून घरांची मिळकत पत्रिका तयार केली जाते. ज्या गावात हे काम झाले आहे तिथे व्यवहार सोपा होतो, कारण जागेची हद्द आणि क्षेत्र कागदावर येते. ज्या गावात पत्रिका आलेली नाही तिथे जुने कागद जास्त बारकाईने पाहावे लागतात.

कागदातले दोष दोन प्रकारचे असतात. काहींमुळे भाव कमी होतो. काहींमुळे व्यवहारच सोडून द्यावा लागतो. हा फरक नीट लक्षात ठेवावा.

भाव कमी करण्याजोगे दोष असे:
- घरपट्टी, पाणीपट्टी किंवा वीजबिल थकलेले आहे.
- सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे, पण विक्रेता खरेदीच्या आधी तो उतरवून दाखला द्यायला तयार आहे.
- नमुना ८ वरचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष मोजमाप यात थोडा फरक आहे, आणि शेजाऱ्याची तक्रार नाही.

यातली थकबाकी सरळ किमतीतून वजा करता येते.

सोडून देण्याजोगे दोष असे:
- घर गायरानावर किंवा सरकारी जागेतल्या अतिक्रमणात आहे.
- जागा देवस्थान इनामाची आहे, किंवा भोगवटादार वर्ग २ ची आहे आणि विक्रीची परवानगी घेतलेली नाही.
- शेतजमिनीत बिनशेती न करता बांधलेले घर आहे आणि घेणाऱ्याला फक्त नोटरीवर कागद करून मिळणार आहे.
- कोर्टात दावा चालू आहे.
- सगळे वारस सही द्यायला तयार नाहीत.

घर कुणाला घरकुल योजनेतून किंवा पुनर्वसनात मिळालेले असेल, तर ते मूळ कोणाच्या नावे मिळाले आणि विक्रीवर काही अट आहे का, हे आधी लेखी तपासावे. किल्लारीच्या भूकंपानंतर वसलेल्या गावांत हे विशेष पाहावे. घर वडिलांच्या नावे मिळालेले आणि विकतोय एकच मुलगा, असे असेल तर बाकीच्यांच्या सह्या लागतात.

"कागद थोडा कच्चा आहे, म्हणून तर स्वस्त देतोय," असे ऐकू आले की पुष्कळांना मोह होतो. पण मालकीच मिळणार नसेल तर निम्म्या भावातले घरसुद्धा महाग आहे. तीन लाख वाचवायला जाऊन सहा लाख अडकतात, आणि तालुक्याच्या कोर्टात तारखा सुरू होतात.

बहिणींची सही

वडिलोपार्जित घर असेल तर हा प्रश्न आधी विचारावा, संकोच करू नये. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून झालेल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात हे आणखी स्पष्ट केले की, हा हक्क जन्माने आहे, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही.

"बहिणी काही मागत नाहीत, त्या घरच्याच आहेत," असे विक्रेता सांगतो. ते खरेही असेल. मग त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र असावे, नाहीतर त्यांनी खरेदीखतावरच सही करावी. नोटरीवरचे किंवा साध्या कागदावरचे संमतीपत्र इथे पुरत नाही.

एका भावाचा हिस्सा तेवढा घ्यायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. घराण्याच्या राहत्या घरातला न वाटलेला हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला, तरी त्याला त्या घरात जाऊन सामाईक ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि त्या दाव्यात बाकीच्या भाऊबंदांना तो हिस्सा किंमत देऊन परत घेण्याची मागणी करता येते. म्हणून असा हिस्सा 'चार लाखांत मिळतोय' म्हणून घेऊ नये. आधी वाटणी, मग खरेदी.

आजूबाजूला काय भावाने गेले?

कागद ठीक असेल तर दुसरी पायरी. विक्रेत्याची मागणी बाजूला ठेवावी आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच गल्लीत, त्याच वस्तीत काय व्यवहार झाले ते शोधावे. ही माहिती तीन ठिकाणी मिळते.

पहिले ठिकाण दुय्यम निबंधक कार्यालय. नोंदलेल्या प्रत्येक खरेदीची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, असते. त्यात मोबदला आणि सरकारी बाजारमूल्य दोन्ही लिहिलेले असते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव आणि मिळकत क्रमांक टाकून संगणकीकरणानंतरचे दस्त मोबाइलवरही शोधता येतात. मात्र बक्षीसपत्र, हक्कसोड, भावाभावातली खरेदी यांचे आकडे तुलनेला धरू नयेत. ते बाजारचे भाव नसतात.

दुसरे ठिकाण म्हणजे माणसे. काही जण कागदावर कमी रक्कम दाखवतात, त्यामुळे नुसत्या दस्तावर विसंबून चालत नाही. ज्याने घर घेतले त्याला, ज्याने विकले त्याला आणि मधल्या माणसाला वेगवेगळे विचारावे. घेणारा थोडे कमी सांगतो, विकणारा थोडे जास्त. खरा आकडा मध्ये सापडतो.

तिसरे ठिकाण रेडीरेकनर, म्हणजे शासनाचे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते. हे गावनिहाय असतात. पण हा दर म्हणजे घराचा भाव नव्हे. मुद्रांक शुल्क कमीत कमी किती रकमेवर लागेल ते त्यावरून ठरते. व्यवहाराची रक्कम आणि रेडीरेकनरची रक्कम यातली जी जास्त, तिच्यावर शुल्क भरावे लागते. गावात खरा भाव रेडीरेकनरच्या वरही असतो, कधी खालीही असतो.

तुलना करताना सगळ्या जागा एका मापात आणाव्यात. कुणी गुंठ्यात सांगतो, कुणी खणात, कुणी फुटात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. खण मात्र सगळीकडे सारखा नसतो, म्हणून 'पाच खणांचे घर' या शब्दावर भाव लावू नये. टेप लावून लांबी-रुंदी घ्यावी.

घराची अवस्था

दिवाळीला रंग दिलेले घर सगळ्यांनाच आवडते. म्हणून घर दोनदा बघावे, त्यातले एकदा पावसाळ्यात किंवा मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी. सोबत ओळखीचा गवंडी न्यावा. त्याची एक दिवसाची हजेरी दिली तरी पुष्कळ पैसे वाचतात.

स्लॅबच्या घरात काय पाहावे? छताला खालून तांबूस डाग किंवा फुगलेला गिलावा असेल तर आतली सळई गंजत असण्याची शक्यता असते. खांब आणि तुळईच्या सांध्यातल्या आडव्या-तिरप्या भेगा गवंड्याला दाखवाव्यात. केसासारखी भेग गिलाव्याची असते, पण नाणे शिरेल अशी भेग असेल तर पाया खचलाय का ते पाहावे. काळ्या मातीत पाया उथळ असेल तर जमीन उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि भिंती दरवर्षी तडकतात.

दगड-मातीच्या घराचा हिशेब वेगळा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जी हजारो माणसे गेली, त्यातली बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर पडून गेली. असे जुने माळवदाचे घर राहण्यासाठी म्हणून घ्यायचे असेल तर बांधकामाला जवळपास किंमत धरू नये. जागेचा भाव धरावा. मात्र त्यात चांगले सागवान असेल, घडीव दगड असेल, तर त्याला स्वतंत्र किंमत असते. लाकूड टणटणीत आहे की वाळवीने पोखरले आहे, ते ठोकून पाहावे. उतरवण्याची मजुरी वजा करून जे उरेल तेवढेच धरावे.

शिवाय या गोष्टी विचारून घ्याव्यात:
- उन्हाळ्यात नळाला किती दिवसांनी पाणी येते? बोअर असेल तर मे महिन्यात चालते का?
- सांडपाणी कुठे जाते? गटार शेजाऱ्याच्या दारातून असेल तर आज ना उद्या भांडण ठरलेले.
- भिंत सामाईक आहे का? पागोळ्या कोणाच्या हद्दीत पडतात?
- बोळातून ट्रॅक्टर, रुग्णवाहिका जाते का? वाट कागदावर आहे की तोंडी?
- वीजमीटर कोणाच्या नावे आहे?

हद्दीबद्दल शंका असेल आणि मिळकत पत्रिका असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून मोजणी मागवता येते. मोजणीचा खर्च विक्रेत्याने करावा, अशी मागणी बोलणीत ठेवता येते.

हिशेब कसा बसतो: एक उदाहरण

खालचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. आपल्या गावचे आकडे आपण घालावेत.

समजा, विक्रेता १६ लाख मागतोय. जागा ३० बाय ४०, म्हणजे १,२०० चौरस फूट. त्यावर ७०० चौरस फुटांचे स्लॅबचे घर, २० वर्षांचे.

पहिली पायरी, जागा. चौकशीत तीन व्यवहार सापडले. चार घरे सोडून मोकळी जागा ४५० रुपये फुटाने गेली. मागच्या गल्लीत ४०० रुपयांनी गेली. मुख्य रस्त्यावर ७०० रुपयांनी गेली, पण तिथे दुकान काढता येते, म्हणून ती तुलनेतून बाद. सगळ्यात जवळची धरू, ४५० रुपये.
१,२०० × ४५० = ५,४०,००० रुपये.

दुसरी पायरी, बांधकाम. असेच घर आज बांधायला स्थानिक ठेकेदार १,६०० रुपये फूट सांगतो असे धरू. ७०० × १,६०० = ११,२०,००० रुपये. हा नव्या घराचा खर्च झाला. स्लॅबच्या घराचे आयुष्य हिशेबापुरते ६० वर्षे धरले तर त्यातला एक तृतीयांश भाग संपला. उरले साधारण ७,४७,००० रुपये.
जागा आणि बांधकाम मिळून १२,८७,००० रुपये.

तिसरी पायरी, दुरुस्ती. गळती थांबवणे आणि गिलावा ६० हजार, वायरिंग ४५ हजार, संडास-न्हाणी ५५ हजार, दारे-खिडक्या २० हजार. एकूण १,८०,००० रुपये. इथे प्रामाणिक राहावे. रंग, फरशीवरचे डाग असल्या गोष्टी वयाच्या घसाऱ्यात आधीच आल्या. त्या पुन्हा वजा केल्या तर विक्रेत्याला ते लगेच कळते आणि आपल्या बाकीच्या हिशेबावरचाही त्याचा विश्वास उडतो. घर वापरायला अडचण येईल अशीच दुरुस्ती धरावी.
१२,८७,००० मधून १,८०,००० वजा केले की उरतात ११,०७,००० रुपये. म्हणजे घराची किंमत अकरा लाखांच्या आसपास.

चौथी पायरी, स्वतःची ऐपत. समजा, हाताशी ८ लाख आहेत आणि बँक साडेसहा लाख देईल. एकूण १४,५०,००० रुपये. पण हे सगळे विक्रेत्याला देता येत नाहीत. आधी हे बाजूला काढावे लागते:
- मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी, मिळून ६ टक्के धरून: ६६,००० रुपये
- वकील, शोध अहवाल, मोजणी, दस्तलेखन: २५,००० रुपये
- मध्यस्थाची दलाली: ११,००० रुपये
- दुरुस्ती: १,८०,००० रुपये
- नाव लावणे, मीटर, सामान हलवणे: ८,००० रुपये
- आजारपण आणि पेरणीसाठी राखीव: १,००,००० रुपये

एकूण ३,९०,००० रुपये. उरले १०,६०,००० रुपये.

म्हणजे घराची किंमत अकरा लाख, आपली ऐपत दहा लाख साठ हजार. या दोन्हीतला जो आकडा लहान, ती आपली शेवटची रेघ. ही रेघ घरातल्या सगळ्यांसमोर वहीत लिहून ठेवावी आणि बोलणीला गेल्यावर ती ओलांडू नये. राखीव रकमेला हात लावून घर घेतले तर पहिल्याच वर्षी पाऊस लांबला की सावकाराची पायरी चढावी लागते.

शुल्काबाबत लक्षात ठेवण्याजोगे

मुद्रांक शुल्काचा दर ग्रामपंचायत, नगरपंचायत-नगरपालिका आणि महापालिका हद्दीत वेगवेगळा असतो, वर अधिभार असतो. नेमकी रक्कम दुय्यम निबंधक कार्यालयातून आधी काढून घ्यावी. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये. राहते घर फक्त महिलेच्या नावे घेतले तर राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. अकरा लाखांवर हे अकरा हजार रुपये होतात, आणि घरही घरच्या लक्ष्मीच्या नावावर होते.

रेडीरेकनरपेक्षा फारच कमी रकमेत व्यवहार झाला तर आयकराचा प्रश्न येऊ शकतो. फरक ५० हजारांपेक्षा जास्त आणि किमतीच्या १० टक्क्यांपेक्षाही जास्त असेल, तर तो फरक घेणाऱ्याचे उत्पन्न धरला जातो. असा व्यवहार असेल तर करसल्लागाराला आधी विचारावे.

बँक काय म्हणते, तेही ऐका

बँक कर्ज विक्रेत्याच्या मागणीवर देत नाही. ती आपला मूल्यांकनकार पाठवते. त्याने घर नऊ लाखांचे ठरवले आणि आपण अकराला व्यवहार केला, तर कर्ज नऊच्या हिशेबाने मिळते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देता येते; प्रत्यक्षात खेड्यातल्या घराला त्याहून कमी मिळते असे धरूनच चालावे. नुसत्या नमुना ८ वर बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत. म्हणून इसार देण्याआधी शाखेत कागद दाखवून यावे. बँकेच्या मूल्यांकनाचा आकडा कळला तर बोलणीत तोही उपयोगी पडतो.

बोलणी कशी करावी?

शेवटची रेघ १०,६०,००० असेल तर पहिला आकडा ९,२५,००० च्या आसपास ठेवता येतो. १६ लाख मागणाऱ्याला हा आकडा एकदम सांगितला तर तो उठून जाईल. म्हणून आकड्याआधी हिशेब सांगावा: "अण्णा, घर चांगलं आहे, जागाही मोक्याची. पण शेजारची जागा साडेचारशेनं गेली. वायरिंग, गळती धरून पावणेदोन लाखांचं काम आहे. एवढं धरून आमचा आकडा सव्वानऊला येतो." हिशेबाला उत्तर हिशेबानेच द्यावे लागते. समोरच्याकडे वेगळी माहिती असेल तर तीही बाहेर येते, आणि ती खरी असेल तर आपला आकडा बदलायला हरकत नसावी.

पुढे वाढवताना पावले लहान होत जावीत. सव्वानऊवरून ९,९०,०००, मग १०,३०,०००, मग १०,५५,०००. प्रत्येक वेळी लाख-लाख वाढवले तर विक्रेत्याला वाटते, अजून पुष्कळ जागा आहे. प्रत्येक वाढीच्या बदल्यात काही मागावे: मोजणी त्यांनी करावी, थकबाकी त्यांनी भरावी, पंखे-मोटर-टाकी घरासोबत द्यावी, ताबा लवकर द्यावा.

विक्रेता का विकतोय ते समजून घ्यावे. बाहेरगावी राहणाऱ्याला थोडे कमी पण एकरकमी पैसे चालतात. लग्नासाठी काढणाऱ्याला तारीख महत्त्वाची असते. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसऱ्याच्या सुमारास गिऱ्हाईक जास्त असते, पितृपक्षात कमी. हे सगळे बोलणीत कामाला येते. पण दवाखान्यासाठी घर काढणाऱ्याला अगदी पाडून घेऊ नये. गावात रोज तोंडाला तोंड पडते, आणि दबावाखाली झालेल्या व्यवहारावर पुढे भाऊबंद हरकत घ्यायला टपलेले असतात.

"उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय" हे वाक्य प्रत्येक व्यवहारात ऐकू येते. खरे असो वा खोटे, आपली रेघ त्याने बदलत नाही. विक्रेता बारा लाखांच्या खाली येत नसेल तर रामराम करून यावे आणि नंबर देऊन ठेवावा. महिना-दोन महिन्यांनी फोन आल्याची उदाहरणे गावोगावी आहेत.

इसार आणि लिखापढी

भाव ठरला की घाईने मोठी रक्कम देऊ नये. इसार व्यवहाराच्या मानाने लहान असावा आणि चेकने किंवा खात्यावरून द्यावा. घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्याला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. विक्रेत्याला हे समजावून सांगितले की तोही खात्यावर घ्यायला तयार होतो.

इसार पावतीत किंवा साठेखतात पूर्ण रक्कम, खरेदीची तारीख, बहिणींच्या सह्यांची जबाबदारी, बोजा उतरवण्याची अट आणि कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत मिळण्याची अट स्पष्ट लिहावी. साठेखत नोंदवून घेतलेले बरे. वकिलामार्फत ३० वर्षांचा शोध घ्यावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी.

कागदावर रक्कम कमी दाखवू नये. शुल्काचे काही हजार वाचतात, पण व्यवहार मोडला तर कागदावर आहे तेवढेच मागता येते. बँक त्या कमी रकमेवरच कर्ज देते. पुढे घर विकताना नफा जास्त दिसून कर वाढतो. रस्त्यात किंवा प्रकल्पात जागा गेली तर भरपाई ठरवताना परिसरातल्या नोंदलेल्या खरेदीखतांचे भाव पाहिले जातात, म्हणजे कमी दाखवलेला भाव अख्ख्या गावाला भोवतो.

शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घर 'घेतले' असे समजू नये. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची खरेदी नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. खरेदी झाली की लगेच ग्रामपंचायतीत नमुना ८ ला, मिळकत पत्रिका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात, आणि वीजमीटरसाठी महावितरणकडे नाव लावून घ्यावे.

बोलणीला निघण्याआधी वहीत हे आठ आकडे हवेत

१. टेपने मोजलेले जागेचे आणि बांधकामाचे क्षेत्र
२. जवळच्या किमान तीन व्यवहारांचा फुटाचा भाव
३. रेडीरेकनरप्रमाणे येणारी रक्कम
४. गवंड्याने सांगितलेला दुरुस्तीचा खर्च
५. मुद्रांक, नोंदणी, वकील, दलाली यांची बेरीज
६. बँक देणार असलेली रक्कम
७. हात न लावण्याची राखीव रक्कम
८. शेवटची रेघ

यातला एकही आकडा कोरा असेल तर घर पुन्हा बघायला जावे, चहा घ्यावा, पण भाव सांगू नये.